चौकोनी तव्याला कल्हई

मित्रांनो, मी एक जुना तवा आहे. पण तुमच्या घरच्या चपातीच्या तव्यासारखा गोल नाही. मी चौकोनी आहे. अंग तांब्याचं, आतून कल्हई, दांडा लाकडाचा. माझ्यात एकच पदार्थ होतो, तो म्हणजे गुंडाळीचं आम्लेट. फेटलेलं अंडं थोडंसं ओतायचं, पापुद्रा धरला की गुंडाळायचा, शेजारी पुन्हा ओतायचं, पुन्हा गुंडाळायचं. शेवटी जाडजूड पिवळा लोड होतो. त्याच्या वड्या कापून जपानमधल्या आया मुलांच्या डब्यात देतात.

ओसाका शहरातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. काझुकोच्या आईने मला विकत घेतलं आणि काझुकोच्या लग्नात तिच्या सामानात ठेवलं. पुढे काझुकोच्या नवऱ्याला दुबईच्या जबल अली बंदरात नोकरी लागली. मग टॉवेलात गुंडाळलेला मीही दुबईला आलो आणि डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात स्थिरावलो.

ते माझे मानाचे दिवस होते. काझुकोच्या दोन मुलांचे डबे रोज माझ्यातून भरत. धाकट्याच्या वर्गातला फहद तर आपलं चीज-सँडविच देऊन माझी वडी घ्यायचा. धाकटा घरी येऊन तक्रार करायचा, "आई, मला एकच उरली!" आणि काझुको दुसऱ्या दिवशी एक अंडं जास्त फोडायची.

मुलं मोठी झाली, शिकायला जपानला गेली. इकडे माझी कल्हई झिजत गेली आणि आतलं लाल तांबं दिसू लागलं. तांबं उघडं पडलं की त्यात अन्न शिजवू नये. 'पुढच्या खेपेला ओसाकाला नेऊ,' असं काझुको दर वर्षी म्हणायची आणि दर वर्षी मी राहून जायचो. हळूहळू मी ओट्याखालच्या कपाटात, केकच्या भांड्यांच्या मागे गेलो. तिथे अंधार होता. राग नव्हता मला, पण हात लागत नसला की वेळ फार सावकाश जातो.

रिकामं घर काझुकोला खायला उठलं, तेव्हा तिने घरीच जपानी स्वयंपाकाचे वर्ग सुरू केले. आसपासच्या बायका येत, दुबई पाहायला आलेले प्रवासीही येत. त्यांच्यासाठी तिने काळे नॉनस्टिक तवे आणले. वर्गाच्या सुरुवातीला ती टाळी वाजवून "यल्ला!" म्हणजे अरबीत 'चला!' म्हणायची. मी कपाटातून ऐकायचो.

एके दिवशी तहसीन नावाची शेजारच्या इमारतीतली बाई वर्गाला आली. नाव तिने एकटीचंच नोंदवलं होतं, पण बरोबर तिची सासू होती. जहांआरा त्यांचं नाव. कोकणातल्या हर्णै बंदरावरच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्या एकट्याच राहत. मागच्या उन्हाळ्यात त्यांना पक्षाघाताचा हलका झटका आला. चालणं-बोलणं सुधारलं, उजव्या हातात मात्र थरथर राहिली. मुलगा अबरार त्यांना व्हिजिट व्हिसावर इकडे घेऊन आला होता. थरथरता हात त्या ओढणीखाली झाकून ठेवत.

"अम्मींना घरी एकटं ठेवता येत नाही. त्या नुसत्या बसतील," तहसीन इंग्रजीत म्हणाली.

"माझ्या किचनमध्ये नुसतं कोणी बसत नाही," काझुको हसून म्हणाली. पण तवे तर मोजकेच. तिने खाली वाकून कपाट उघडलं आणि माझ्यावर उजेड पडला. तिने माझ्यात ओल्या रुमालाची घडी ठेवली आणि दांडा हलवून ती उलटून दाखवली. नवशिक्यांनी आधी असाच सराव करायचा असतो.

जहांआरांनी मला डाव्या हातात घेतलं, खिडकीकडे तिरकं धरलं आणि आतून अंगठा फिरवला.

"अगो तहसीन, ह्याची कल्हई गेलीय. बाईंना विचार, करून का नाही घेत?"

तहसीनने विचारलं. काझुको म्हणाली, "इथे कोण करणार?"

"शारजाच्या रोल्लाला होईल," जहांआरा म्हणाल्या. "आपला खैरुद्दीन आहे ना, हर्णैचा. केटरिंगवाल्यांचे बिर्याणीचे हंडे त्याच्याच दुकानात येतात कल्हईला."

दोन देशांतून फिरलेला मी, आणि माझा इलाज शारजात होता!

त्या दिवशी जहांआरांच्या हातून रुमाल माझ्यातून दोनदा खाली पडला. कोणी हसलं नाही. निघताना त्यांनी मला मागून घेतलं. "कल्हई करून आणते. तोवर घरी सराव करीन."

घरी अबरारने मला पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "अम्मी, तुझ्या हाताला आराम पाहिजे. मी तुला सांगतोय, हर्णैचं घर बंद करू या. तू इथेच राहा. तिकडे एकटी कशी करशील?"

"मी माझ्या घरी जाणार, अबरार."

"आणि जेवण कोण करणार तुझं? हात भाजला तर? गॅस उघडा राहिला तर?"

तो चुकीचं बोलत नव्हता, हे जहांआरांना कळत होतं. त्यांनी रुमालाची घडी केली आणि माझ्यात ठेवली. पूर्ण आठवडा आमचं तेच चाललं होतं. रुमाल उलटायचा, पडायचा, त्या वाकून उचलायच्या.

शुक्रवारी संध्याकाळी अबरारने शारजाच्या ट्रॅफिकमधून गाडी काढली. "एका तव्यासाठी!" असं तो रस्ताभर म्हणत होता, तरी घेऊन गेला. रोल्लाच्या गल्लीत खैरुद्दीनने मला उलटसुलट करून पाहिलं. "चाची, कोपरे बघा ह्याचे! काय हात असेल बनवणाऱ्याचा!"

त्याच्या कारागिराने मला निखाऱ्यावर धरलं. नवसागराची चिमूट टाकली, पांढरा धूर झाला. मग कथलाचा तुकडा फिरवला आणि कापसाच्या बोळ्याने झरकन पुसून घेतलं. अंग पोळत होतं, पण मित्रांनो, काय सांगू! मी आतून चांदीसारखा झालो. अबरारची मुलगी झारा माझ्यात डोकावून ओरडली, "दादी, इट्स लाइक अ मिरर!"

पुढच्या वर्गात काझुकोने मला पाहिलं आणि दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावलं. मग जहांआरांपुढे तिने खरी अंडी ठेवली. आम्लेटात घालायचं पाणी सुक्या मासळीचं होतं. जपानी स्वयंपाकात कधी घालतात तसा दारूचा थेंब त्यात नाही ना, हे तहसीनने आधीच विचारून घेतलं होतं. त्या पाण्याचा वास येताच जहांआरा खुदकन हसल्या. "ही तर आमच्या बंदरावरची हवा!"

पहिला पापुद्रा नीट धरला. गुंडाळायला त्यांनी उजव्या हातात चॉपस्टिकच्या लांब काड्या घेतल्या आणि हात असा थरथरला, की गुंडाळी मधोमध फाटली. अर्धी शेगडीवर पडली. त्यांचा चेहरा उतरला.

"अम्मी, सोडा, मी करते," तहसीन पुढे झाली.

काझुकोने तिचं मनगट धरलं. "थांब."

मग तिने जहांआरांच्या उजव्या तळव्यात काड्यांऐवजी रुंद लाकडी उलथणं दिलं आणि माझा दांडा डाव्या हातात. खुणेनेच सांगितलं, डाव्याने तवा तिरका करा, उजव्याने नुसतं ढकला. उरलेल्या फाटक्या तुकड्यावर तिने स्वतः नवं अंडं ओतलं. आतलं फाटकं झाकून गेलं. जहांआरांनी मला तिरकं केलं. डाव्या हाताला सराव झाला होता, हे मला दांड्यातून कळत होतं. त्यांनी ढकललं. गुंडाळी वळली. पुन्हा अंडं, पुन्हा ढकललं. लोड वाकडा झाला, पण झाला! काझुकोने तो बांबूच्या चटईत दाबून सरळ केला.

तहसीनने पहिली वडी खाल्ली. मग ती म्हणाली, "अम्मी, मी तुम्हाला कांदासुद्धा चिरू देत नव्हते."

"तुला भीती वाटत होती, बेटा. मलाही वाटत होती."

काझुकोने मला काही दिवस जहांआरांकडेच राहू दिलं. शनिवारी सकाळी त्यांनी हिरवी मिरची आणि कोथिंबीर बारीक करून अंड्यात घातली. "काझुकोबाईंना सांगू नकोस हं," झाराला म्हणाल्या. वासाने अबरार उठून आला आणि त्यांच्या मागे उभा राहिला. मी गॅसवर तिरका झालो तेव्हा त्याचा हात पुढे आला. मग त्याने तो मागे घेतला आणि दोन्ही हात पाठीशी बांधून उभा राहिला. आई गुंडाळत होती, तो श्वास रोखून बघत होता. शेवटी त्यांनी गॅस बंद केला आणि बटण एकदा तपासलं.

अबरारने दोन वड्या खाल्ल्या. तिसरी उचलताना म्हणाला, "तिकडे आपोआप बंद होणारी शेगडी बसवून घेऊ. शेजारच्या हारुनला रोज एकदा डोकावायला सांगतो. आणि व्हिडिओ कॉल रोज, हां!"

"म्हणजे?"

"म्हणजे तिकीट बघतो, अम्मी. इन्शाल्ला, पुढच्या महिन्याचं."

जहांआरांनी त्याच्या ताटात आणखी एक वडी वाढली.

आता त्या हर्णैला आहेत. मी काझुकोच्या ओट्यावरच्या भिंतीत खिळ्याला लटकतो आणि प्रत्येक वर्गात कामाला येतो. परवा जहांआरांचा कॉल आला होता. त्यांनी गोल तव्यात गुंडाळी केली होती, दोन्ही टोकांना निमुळती, होडीसारखी. काझुको पोट धरून हसली आणि म्हणाली, "व्हेरी गुड बोट!"

मित्रांनो, मी समाधानी आहे. तरी एक मागणं आहे. भांडं झिजलं म्हणून ते अंधारात ढकलण्याआधी, कल्हई होईल का, एवढं विचारून बघा. आणि घरात कोणाचा हात थरथरत असेल, तर तवा लगेच काढून घेऊ नका. जवळ उभे राहा, पण थांबा. अंडं सांडलंच, तर ओटा पुसता येतो.