सहा महिने अकरा दिवस

जाऊबाईंना नागरिकत्व मिळालं त्या दिवशी सगळ्यांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. आतून जळत असलं की माणूस टाळ्या जरा जास्तच वाजवतो.

आम्ही सख्ख्या जावा. लग्नं एकाच वर्षातली, दोघींचे नवरे आधीपासूनच इथले नागरिक, आणि आम्ही दोघी या देशात आलो त्यातही अंतर अवघं तीन महिन्यांचं. म्हणजे अर्ज बरोबरीने जायला हवे होते. त्यांचा गेला, मुलाखत झाली, शपथही झाली. माझा कोरा अर्ज अजून स्वयंपाकघरातल्या खणात, लेकीच्या औषधांच्या चिठ्ठ्यांखाली पडलेला.

"माझी फाईल घेऊन जा," जाऊबाई म्हणाल्या. "बघून बघून तशीच लाव. आणि माझ्याच वकीलबाईंकडे जा. माझं नाव सांगितलंस की झालं."

झालं! म्हणजे आता नागरिक व्हायचं तेही यांच्या नावावर.

लेक दुपारी झोपली की मी ती फाईल उघडून चूक शोधत बसायची. विजेची बिलं महिन्यावार लावलेली. परदेशी गेल्याच्या दोनच नोंदी, एक एकोणीस दिवसांची, एक बारा. एका पानावर चहाचा डाग सापडला, तेवढंच समाधान.

वकीलबाईंचं ऑफिस एका लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होतं. खालच्या यंत्रांनी फरशी सारखी थरथरायची. त्यांनी एक चष्मा डोळ्यांवर आणि एक डोक्यावर ठेवला होता. मी आधी टेबलावरचा स्टेपलर, कात्री आणि टाचण्यांची डबी लेकीच्या हाताबाहेर सरकवली आणि मग बसले. जाऊबाईंचं नाव निघताच वकीलबाईंचा चेहरा खुलला.

"अरे वा! सगळे अशील त्यांच्यासारखे असते ना, तर मी रोज दुपारी झोप काढली असती."

मी हसले. हसावं लागतं.

त्यांनी माझा पासपोर्ट घेतला आणि शिक्क्यांवरून पेन्सिल फिरवत निघाल्या. एका पानावर पेन्सिल थांबली.

"ही वारी मोठी दिसतेय."

"बाळंतपणाला माहेरी गेले होते. सहा महिने."

त्यांनी कॅलेंडर ओढून बोटांनी मोजलं. "सहा महिने आणि अकरा दिवस."

"अकरा दिवस काय, असेच..."

"त्या 'असेच'नेच घोळ झालाय," त्या म्हणाल्या, पण मायेने. "सहा महिन्यांच्या आत आला असतात तर कोणी विचारलंही नसतं. त्यावर एक दिवस जरी गेला, तरी सरकार धरून चालतं की तुम्ही इथलं घर मोडून गेलात. मोडलं नव्हतं हे मग तुम्ही दाखवायचं. नाही दाखवता आलं तर अर्जासाठी लागणारी इथल्या वास्तव्याची वर्षं परतल्या दिवसापासून नव्याने मोजायची. तुमच्या बाबतीत अजून अडीच वर्षं."

निघायच्या आदल्या दिवशी लेक तीनदा खोकली होती. आई म्हणाली, "एवढंसं लेकरू, कुठे नेतेस? आठ-दहा दिवसांनी काय बिघडतंय?" मी तिकीट पुढे ढकललं. तीन खोकल्यांची अडीच वर्षं.

कोणी म्हणेल, थांबायचं अडीच वर्षं. पण नवरा इथला, त्याच्यामुळे लेकही इथली. घरात परकी मी एकटी. मागच्या वेळी विमानतळावर ती दोघं एका रांगेत गेली आणि मी दुसऱ्या. लेक बापाच्या खांद्यावरून माझ्याकडे हात पसरून रडत होती आणि मधल्या काचेतून तिचा आवाजही येत नव्हता. तेव्हापासून कुठलंही सरकारी पाकीट आलं की उघडण्याआधी मी ते उजेडासमोर धरून बघते.

"त्या काळात इथे तुमच्या नावावर काय होतं?" वकीलबाईंनी विचारलं. "घरभाडं?"

"ह्यांच्या नावावर."

"वीज? बँक?"

"ह्यांच्याच."

"तुमच्या नावावर?"

"लायब्ररीचं कार्ड."

त्या हसल्या नाहीत. "नोकरी?"

"होती. चष्म्याच्या दुकानात. काचांच्या ऑर्डरी लिहायच्या, फ्रेमी बसवून द्यायच्या. पण गेली. जाऊबाईंनी घेतली."

"घेतली म्हणजे?"

"मी माहेरी गेल्यावर माझ्या जागी बदली म्हणून उभ्या राहिल्या. परत येऊन बघते तर त्याच तिथे. आजही आहेत." हे वाक्य दोन वर्षांत मी इतक्या जणांना ऐकवलं होतं की आता ते गुळगुळीत झालं होतं.

"मालकाने काढल्याचं पत्र दिलं?"

"नाही."

"तुम्ही राजीनामा दिलात?"

"नाही."

"मग तुम्हाला काढलं कोणी?"

खालचं यंत्र जोरात फिरायला लागलं होतं, म्हणून मी ऐकू न आल्यासारखं केलं. वकीलबाई म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी जाऊबाईंना घेऊन या. दुकानाचा एखादा कागद असेल तर तोही. खरा कागद, आज बनवलेला नको."

जाऊबाईंना विचारायला मला चार दिवस लागले. त्यांना हो म्हणायला चार सेकंद.

मंगळवारी लेक त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. माझ्याकडे असताना तिला सतत टेबलावरचं काहीतरी हवं असतं, तिथे मात्र शहाण्यासारखी बसली. जाऊबाईंनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढला. दुकानाचा छापील कागद, मालकाची सही, मी निघाले त्याच आठवड्यातली तारीख. वकीलबाईंनी मोठ्याने वाचला: धाकट्या बाई बाळंतपणाहून परत येईपर्यंत त्यांच्या जागी थोरल्या बाईंची तात्पुरती नेमणूक. धाकट्या बाई परतल्यावर जागा त्यांची.

"मीच लिहून घेतलं होतं," जाऊबाई म्हणाल्या. "मालक विसरभोळा. म्हटलं, उद्या हिची जागा जायला नको."

मला त्यांचे पाय धरावेसे वाटायला हवे होते. मनात आलं ते एवढंच: हेही यांनीच केलं! माझ्यासाठी, माझ्या आधी, आणि तारखेसकट.

"उत्तम," वकीलबाई म्हणाल्या. "याहून चांगला पुरावा मिळायचा नाही. फक्त एक सांगा, जागा राखलेली होती तर परत का गेला नाहीत? मुलाखतीत हे विचारणारच."

मी जाऊबाईंकडे न बघता बोलले. "गेले होते. आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात. दारातूनच परतले."

"का?"

"या आमच्या वहिनी एका म्हाताऱ्या बाईंच्या कानामागे फ्रेमची दांडी बसवत होत्या. दांडी गरम करून नेमकी वाकवायला शिकायला मला चार महिने लागले होते. चार फ्रेमी मोडल्या होत्या मी. वहिनींनी एका हाताने वाकवली, आणि ती म्हातारी म्हणाली, 'अशी हलक्या हाताची मुलगी इथे आधी नव्हती.' मालक हसला. नंतर मालकाचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत."

"अगं बाई!" जाऊबाई म्हणाल्या. "मला वाटलं तुला लेकीपाशी राहायचंय."

"आणि मी सगळ्यांना सांगत फिरत होते ते?"

"आलं होतं कानावर. म्हटलं, बाळंतीण आहे, बोलू दे."

बोलू दे! त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वकीलबाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. "घरचं घरी बघा. मला तुमच्या हातचं निवेदन हवं, शपथेवर. जागा राखलेली होती, ती तुम्ही सोडली, आणि का सोडली. वहिनी साक्षीदार म्हणून सही करतील."

पहिलं वाक्य सरळ उतरलं. दुसऱ्याला पेन अडखळलं, कारण 'मी आपणहून सोडली' एवढं लिहिलं की दोन वर्षं जपलेली माझी तक्रार संपत होती.

"लेकीसाठी सोडली असं लिही की," जाऊबाई हळूच म्हणाल्या. "त्यात काय खोटं आहे? कोणालाही पटेल."

पटलं असतं. नवऱ्याला, सासूबाईंना, मुलाखत घेणाऱ्यालाही. किती सोयीचं, किती शोभेसं कारण. आणि तेही पुन्हा यांनीच काढून दिलेलं. यांच्या वकीलबाई घ्यायच्या, यांची फाईल घ्यायची, यांचा कागद घ्यायचा, आता सबबसुद्धा यांच्याकडूनच घ्यायची?

मी लिहिलं: 'माझ्या जागी जाऊबाई माझ्यापेक्षा चांगलं काम करत होत्या. मला त्यांचा मत्सर वाटला, म्हणून मी परत गेले नाही.'

वकीलबाईंनी वाचलं. डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर घेऊन पुन्हा वाचलं.

"वीस वर्षांत असं कोणी लिहून दिलं नाही मला."

"खरं हवं होतं ना तुम्हाला? खोडू का?"

"छे, छे. असू दे." त्या कागदावर बोट आपटत म्हणाल्या, "जी बाई इथलं घर मोडून गेली, तिला इथल्या दुकानातल्या एका काउंटरसाठी एवढं जळायचं कारण काय? तुमचा जीव इथेच होता, हे यातून सरळ दिसतं. याच आठवड्यात पाठवू अर्ज. खात्री कोणीच देणार नाही, पण आता मांडायला माझ्याकडे काहीतरी आहे."

कागद जाऊबाईंपुढे गेला. त्यांनी लेकीला एका हाताने सावरत तो वाचला. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. आणि खरं सांगते, मला बरं वाटलं.

"अगं, 'थोडा' तरी लिही," त्या म्हणाल्या. "'थोडा मत्सर वाटला.'"

"शपथेवर आहे, वहिनी. थोडा नव्हता."

पेन उचलून त्यांनी माझ्या सहीखाली सही केली. एका दमात, रेघेवर, कुठेही न थरथरता. खालून फरशी हलत होती तरी.