मडीतलं पाणी

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी, श्राद्धाचा स्वयंपाक अर्धा झालेला असताना, गोदाबाई पाणी प्यायल्या. नणंद राजसबाईंनी दारातून पाहिलं.

“वहिनी, मडी मोडली. आईचं श्राद्ध अहे हे, हॉटेल नव्हे.”

मडी म्हणजे सोवळं. तंजावर सोडून चेन्नईतल्या अण्णा नगरच्या फ्लॅटमध्ये येऊन पंचवीस वर्षं झाली, तरी ब्राह्मण जेवून उठेपर्यंत रांधणारीनं पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, हा घरचा नेम टिकला होता. गोदाबाईंना तो सासूबाईंनी शिकवला. तेव्हा चूल होती. मिऱ्याची फोडणी पडली की दोघींच्या डोळ्यांना धारा लागत. सासूबाई आधी सुनेचे डोळे पुसत, म्हणत, “रडून घे ग, आज कोण विचारतंय.”

आता धूर नव्हता. डोळ्यांत नुसती वाळू सलत होती.

“दोन तास कळ काढवत नाही?”

“ही तहान नव्हे, राजसा. जीभ टाळूला चिकटते. रोगाशी लढणारी शक्तीच अंगावर उलटते, लाळेच्या नि आसवांच्या ग्रंथी वाळवते. शोग्रेन नावाचं दुखणं असावं म्हणतात. डॉक्टरनं पापणीत कागदाची पट्टी अडकवली. पाच मिनिटांत दहाच्या वर भिजायला हवी, दोनच मिलिमीटर भिजली.”

“कधीपासून अहे?”

“पाच-सहा वर्षं.”

राजसबाईंनी बोटांवर वर्षं मोजली. २००३ साली, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, आई गेली. सून कोरडी ठाक बसली होती, हे त्यांनी चेन्नईपासून तंजावरपर्यंत सगळ्या नातलगांत सांगितलं होतं.

“मग तेव्हा बोलायचं.”

“मला तरी कुठं ठाऊक? वाटलं, आपलंच मन दगड झालं.”

गोदाबाईंचे यजमान राघोत्तम बाहेरून म्हणाले, “वाध्यार भटजींना विचारतो. औषधापुरतं पाणी चालतं.”

“ते हो म्हणतील. आई म्हणाल्या नसत्या.” गोदाबाईंनी पळी हातात न देता ओट्यावर ठेवली. “राजसा, न्हाऊन ये. पुन्हा पहिल्यापासून करायचं.”

“मला कुठं येतं?”

“मी सांगत्ये.”

त्या उंबऱ्याबाहेर भांडं घेऊन बसल्या. प्रत्येक वाक्यानंतर एक घोट घेत होत्या. मीठ किती, हे चाखून बघायचं नव्हतंच. सासूबाई डाव्या मुठीनं घालत, तेवढं. मिरं तडतडलं तसा राजसबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि बराच वेळ काढला नाही.

पावणेदोनला पानं मांडली. रोगाची खात्री करायला गोदाबाईंच्या ओठातून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट गुरुवारी मिळायचा होता. पुढल्या वर्षी कोण रांधणार, हे त्या दिवशी कोणी विचारलं नाही.