बंद करायचा नंबर

"साहेब, बंद नका करू!"

ताई दारातूनच ओरडली. तिच्या हातात नुकता धुतलेला डबा होता, पाणी ठिबकत होतं. पण साहेबांचं बटण दाबून झालं होतं. लगेच त्यांनी दुसरी आज्ञा दिली आणि समोरच्या पडद्यावर एक नवं निळं पान उघडलं.

"बघा, उठला की नाही? उगाच घाबरवत असता," साहेब हसले आणि वरच्या मजल्यावर पाहुण्यांकडे निघून गेले.

ताईने पडद्यावरच्या ओळी वाचल्या आणि डबा माझ्या टेबलावर आपटला. "काका, यांनी तपासणी मारली!"

हॉस्पिटलच्या या खोलीत मी जुन्या फायली सांभाळतो. शेजारी काचेपलीकडे एक मशीन आहे. त्या एकाच मशीनवर पाच सर्व्हर, म्हणजे पाच विभागांचं काम सांभाळणारे प्रोग्रॅम, चालायचे: नोंदणी, तपासणी, औषधं, खाटा आणि स्वयंपाकघर. बारा वर्षं ताईच ते पाहत होती. "एका घरात पाच जावा आहेत, काका," ती म्हणायची. "प्रत्येकीची चूल वेगळी ठेवली तरच निभतं." प्रत्येकीचं फोल्डर वेगळं, मेमरीतला वाटा वेगळा आणि प्रत्येकीला दोन नंबर. एका नंबरवर लोक आत येणार, दुसऱ्यावर तिला 'बंद हो' म्हणून सांगायचं. हे सगळं एका वहीत लिहिलेलं होतं, माझ्या हाताने, कारण ताईचं अक्षर तिचं तिलाही लागत नाही. शेवटचा रकाना लाल शाईत होता: बंद करायचा नंबर. खाली तिने लिहून घेतलं होतं, 'नवा सर्व्हर करताना आधी हा बदला.'

साहेबांना सहावा हवा होता, रुग्णांचे अभिप्राय दाखवणारा. दोन वाजता पाहुणे येणार होते. ताई सकाळीच म्हणाली होती, "जागा नाही. दुसरं मशीन द्या, तीन वर्षं मागतेय." ती जेवायला गेल्यावर साहेब आले. त्यांनी तपासणीच्या फोल्डरची जशीच्या तशी नक्कल उचलली, नाव बदललं, आत येण्याचा नंबर बदलला. वही समोर उघडी होती. लाल रकाना त्यांनी पाहिला नाही, आणि पाहिला नाही हे मी पाहिलं. तोंड उघडलं आणि मिटलं. मला यातलं काय कळतं? हे वाक्य मी आयुष्यभर पांघरून बसलो आहे.

नवा सर्व्हर उठेना, म्हणून साहेबांनी तो बंद करून परत चालू करायचं ठरवलं. 'बंद हो' ही हाक तपासणीने ऐकली, कारण नंबर तिचा होता. ती गेली, तिची जागा मोकळी झाली आणि नवा थाटात उठला.

फोन वाजला. तपासणी विभागातला टेक्निशियन इतका ओरडत होता की मलाही ऐकू आलं. "ताई, एकही रिपोर्ट दिसत नाही! ऑपरेशनच्या टेबलावर बाई आहे, तिच्या रक्ताचा रिपोर्ट मागतायत. मी काय चिठ्ठी घेऊन धावू?"

"धाव! मी बघते."

तिने साहेबांना फोन लावला. "साहेब, तुमचं बंद करावं लागेल. दोघांना मेमरी पुरत नाही."

"आत्ता? अहो, पाहुणे समोर बसलेत. दहा मिनिटं थांबा."

"टेबलावर बाई आहे."

"दहा मिनिटांत काही आभाळ कोसळत नाही, ताई."

तिने फोन ठेवला. "यांच्या आईला झोपवा म्हणावं त्या टेबलावर, मग मोजा दहा मिनिटं!" असं म्हणत तिने सहावा बंद केला आणि तपासणी चालू केली. पडद्यावर ओळी सरकत राहिल्या. ती नखाने टेबल ठोकत उभी होती. दोन मिनिटांनी टेक्निशियनचा फोन आला. "दिसायला लागलं, ताई." तेव्हा कुठे ती बसली.

चार वाजता साहेब आले. "काका, तुमची भाषा चांगली आहे. अहवाल लिहा. जुन्या मशीनमुळे तपासणी बंद पडली. त्यात ताईंनी परवानगी न घेता चालू सर्व्हर बंद केला आणि पाहुण्यांसमोर नाचक्की झाली."

"मशीन जुनं झालंय, हे आज कळलं होय तुम्हाला?" ताई म्हणाली.

मी लिहिलं. कोणी कुठलं फोल्डर उचललं, कुठला नंबर बदलला नाही, ताईने काय केलं आणि का. शेवटी लिहिलं, 'हे होत असताना मी शेजारी होतो. चूक मला दिसली होती. मी बोललो नाही.' खाली सही केली.

साहेबांनी वाचलं. "काका, निवृत्तीला दोनच महिने राहिलेत ना तुमच्या?"

"हो. म्हणूनच अक्षर नीट काढलंय." आवाज मात्र चिरकला.

तो कागद त्यांच्या खणात गेला आणि तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी ताईची बदली नोंदणीच्या खिडकीवर झाली.

"आई खूश होईल," खण रिकामा करताना ती म्हणाली. "जेवताना फोन वाजला की ती माझ्याकडे सवतीसारखी बघते." मग तिने वही ओढली आणि आपल्या वेड्यावाकड्या अक्षरात पाच ओळींखाली सहावी लिहिली. फोल्डर, मेमरीचा लहानसा वाटा, नवे दोन्ही नंबर.

"त्यांचं कशाला करतेस?" मी चिडून विचारलं. इतक्या वर्षांत तिच्यावर पहिल्यांदाच.

"उद्या कोणीतरी तो चालू करणारच, काका. परत तपासणी जायला नको."

ती गेली. मी नवं पान घेतलं आणि सहाही ओळी सुवाच्य उतरवल्या. शेवटच्या रकान्याला लाल पेन उठेना. झटकलं, रद्दी कागदावर घासलं. बऱ्याच वेळाने शाई आली.