बेसवाल्याचा निरोप समारंभ

"भाऊजी, आज तुमचा दिवस!" असं म्हणत माझ्या मेहुण्याने कँटीनच्या बेसिनसमोर उभं राहून कंगवा नळाखाली धरला आणि डोक्यावरचे उरलेसुरले केस एका कानावरून दुसऱ्या कानाकडे नेले. बेसिनमध्ये कुणीतरी चूळ भरून पाणी न सोडताच गेलं होतं. त्याचं त्याला काही नव्हतं. त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, जरा विचार करून त्याखालचंही काढलं, आणि आरशातल्या स्वतःला डोळा मारला. या माणसाने पन्नाशी कधीच ओलांडली आहे आणि माझी बायको त्याला अजून 'बाळ' म्हणते.

मी वजनमापे कार्यालयात नोकरी केली. दुकानादुकानांतून हिंडायचं, तराजू तपासायचे, वजनांवर शिक्के मारायचे. त्या दिवशी मी निवृत्त होत होतो आणि दुपारी कँटीनमध्येच निरोप समारंभ होता. भाषणं नकोत, त्याऐवजी आमचा बँड वाजवू द्या, असं मीच आमच्या साहेबांना, म्हणजे मोठ्या बाईंना सांगितलं होतं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही वाजवता? कमाल आहे. कधी बोलला नाहीत!"

बोललो होतो, पुष्कळदा बोललो होतो. पण बेस गिटार वाजवतो असं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही होतं, ते बघण्याचा मला कंटाळा आला होता. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याला सगळे दादा म्हणतात. बेसला चारच तारा असतात, म्हणून त्याची वर्षानुवर्षांची समजूत अशी की, ही म्हणजे दोन तारा तुटलेली गिटार. "आणल्या का रे तारा?" असं तो दर पगाराच्या दिवशी विचारायचा आणि स्वतःच हसायचा.

आमचा बँड हौशी. ड्रमवाला दातांचा डॉक्टर, गिटारवाला विमा विकतो, कीबोर्डवाल्याचं औषधाचं दुकान, आणि गायला माझा मेहुणा. दुसऱ्यांची गाणी वाजवायची, तीही सगळ्यांनी ऐकून ऐकून चोथा झालेली. लग्नं, वाढदिवस, क्लबातल्या पार्ट्या. हॉलमध्ये आम्ही कायम मागच्या दाराने शिरायचो, जिथे उष्ट्या ताटांच्या टोपल्या ठेवलेल्या असतात. त्या वासात केबली सोडवायच्या. मग तीच गाणी, तेच पेंगुळलेले काका स्टेजजवळ येऊन तीच फर्माईश ओरडणार आणि ओरडताना थुंकी उडवणार, आणि मेहुणा त्यांच्या गळ्यात हात टाकून "ये हुई ना बात!" म्हणणार. माइकच्या जाळीला तर त्याच्या खोकल्याच्या गोळ्यांचा आणि शिळ्या अत्तराचा असा काही दर्प बसला होता की, तो मला मागे उभं राहूनही यायचा.

मग सोडलं का नाही? त्याला एकच उत्तर आहे, आणि ते ऐकून लोक हसतील. आमच्या यादीत एक गाणं असं होतं की, ज्याच्या मध्यावर सगळे थांबतात. ड्रम थांबतो, गिटार थांबते, गाणारा थांबतो, आणि आठ बार, म्हणजे ठेक्याची आठ आवर्तनं, फक्त बेस चालतो. एकटा. पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो, वळतो, पुन्हा वर चढतो, आणि अगदी वर पोचल्यावर क्षणभर थांबतो. त्या थांबण्यानंतर गाणाऱ्याने शिरायचं. एवढंच. त्यात कसरत नाही, की चमत्कार नाही. पण तेवढ्या वेळात हॉलमधल्या प्रत्येकाला कळतं की, हा आवाज इतका वेळ कुठून येत होता.

आणि हे आठ बार मला माझ्या बँडने एकदाही पुरे वाजवू दिले नाहीत. चौथा संपला की मेहुणा घुसणारच. स्टेजवर आपण असताना लोक दुसऱ्या कुणाकडे बघतात, हे त्याला सोसतच नाही. तो घुसला की, मी पुढचं सगळं गिळून त्याच्याबरोबर व्हायचो, कारण बेस जिथे जाईल तिथे बँड येतो. गाणाऱ्याची चूक बेसने झाकायची असते, हे आमच्या धंद्यातलं अगदी पहिलं शिक्षण. मी इतकी झाकली की, ती चूकच गाणं होऊन बसली.

म्हणून आदल्या संध्याकाळी डॉक्टरच्या दवाखान्यात, जबड्यांच्या चित्रांखाली आमची तालीम चालते तिथे, मी सगळ्यांसमोर मेहुण्याला सांगितलं. "उद्या मला ते आठ बार पाहिजेत. पुरे. ऑफिसातले लोक मला पहिल्यांदा ऐकणार आहेत, आणि शेवटचंही. बाकी कार्यक्रम तुझा."

मेहुण्याने छातीवर हात ठेवला. "भाऊजी, शब्द दिला. माइक खाली ठेवून मागे उभा राहतो."

मला त्याच्या शब्दाचा भरवसा वाटला. याचीसुद्धा आता किळस येते.

कँटीनमधली टेबलं भिंतीला सरकवली होती. सगळं खातं जमलं होतं. पहिल्या रांगेत मोठ्या बाई, त्यांच्या शेजारी माझी बायको, नव्या चपला घालून, हातात कागदी बशी घेऊन अवघडून बसलेली. दादा सगळ्यात पुढे, खुर्ची उलटी करून. चार गाणी झाली. मेहुणा टेबलांमधून फिरला, टायपिस्ट बाईंच्या तोंडासमोर माइक धरून त्यांना लाजवून आला, आमच्या मोठ्या बाईंना 'यंग लेडी' म्हणाला. लोकांना ते आवडलं. लोकांना असलं सगळं आवडतं.

मग ते गाणं आलं. मधली जागा आली. ड्रम थांबला, गिटार थांबली, आणि खरंच सांगतो, मेहुण्याने माइक स्टँडवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरकला.

मी सुरू केलं. कँटीनमध्ये एकदम शांतता झाली. पंख्याची घरघरसुद्धा ऐकू येईना, का येत असूनही माझ्या कानांनी ती घेतली नाही, कोण जाणे. दादाने हातातला घास तसाच धरला होता. मोठ्या बाई माझ्या बोटांकडे बघत होत्या. एक बार, दोन, तीन. मी खाली पोचलो, वळलो. आता चढायचं होतं.

"अरे, टाळ्या कुठायत टाळ्या!"

मेहुणा माइकशी पोचलासुद्धा होता. दोन्ही हात डोक्यावर नेऊन ठेका सोडून टाळ्या वाजवत होता, आणि लोकांनी त्या उचलल्या, आणि त्या गडबडीत त्याने पुढची ओळ घेतली.

एरवी मी गेलो असतो. त्या दिवशी नाही गेलो. मी चढत राहिलो. मला वाटलं, बाकीचे माझ्याबरोबर राहतील, बेस जिथे तिथे बँड, आणि हा पडेल तोंडघशी. पण डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, मेहुण्याकडे बघितलं, आणि ड्रम त्याच्यामागे नेला. विमेवाला गेला. औषधवाला गेला. मग मी एकटाच बरोबर उरलो, आणि एकटा उरलेला बरोबर माणूस ऐकायला किती भयंकर लागतो, हे मला त्या दिवशी कळलं. वरती एक गाणं, खाली भलतंच काहीतरी. लोकांनी तोंडं वाकडी केली.

मेहुणा मागे वळला, हसला, आणि माइकमध्ये म्हणाला, "समजून घ्या हं मंडळी! आमच्या भाऊजींना निवृत्तीचं टेन्शन आलंय!"

सगळं कँटीन हसलं. मोठ्या बाईसुद्धा. मी आठवा बार वाजवला, वर पोचून थांबलो, आणि ते थांबणं कुणाच्याही कामाचं नव्हतं. मग माझे हात आपणहून मेहुण्याच्या गाण्यात शिरले आणि शेवटपर्यंत बिनचूक वाजवत राहिले. कुत्रं मार खाऊन पुन्हा मालकाच्या मागे जातं तसे. मला त्या हातांची शिसारी आली.

नंतर दादा आला आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "होतं रे असं. शेवटच्या दिवशी कुणाचं लक्ष लागतं! पण छान होतं हां तुझं, चुकेपर्यंत."

जन्मभर मी दुकानदारांना तसूभर फरकासाठी दंड केला, आणि त्या कार्यालयात आता माझी आठवण काय राहणार, तर हा शेवटच्या दिवशी चुकला.

परतीच्या वाटेवर मेहुणा गाडी चालवत होता. बायको पुढे, त्याच्या शेजारी. मी मागे, बेस मांडीवर आडवा घेऊन.

"काय भाऊजी, कुठे हरवला होतात?" तो आरशातून म्हणाला. "मी सावरलं म्हणून बरं."

"चार बार बाकी होते."

"अहो, पब्लिक झोपलं होतं! कुणीतरी उठवायला नको?"

"बाळ," माझी बायको म्हणाली, "तू लवकर आलास."

तो हसला. "ताई, तुला काय कळतं त्यातलं?"

"मला त्यातलं नाही कळत. पण ते खाली येतं, मग वर चढतं, मग जरा थांबतं, आणि मग तू यायचंस. घरी रोज ऐकते मी. तू थांबतच नाहीस."

ती हे जेवढ्या सहज बोलली, तेवढंच माझं डोकं तडकलं.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"पहिल्यापासून."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भाऊ आहे तो माझा," ती समोर बघत म्हणाली. "चारचौघांत काय बोलू?"

"घरी तरी बोलायचं."

मला आनंद व्हायला हवा होता, निदान एका माणसाला तरी कळत होतं म्हणून. तो झाला नाही. प्रत्येक लग्नात, प्रत्येक पार्टीत ती समोर बसून ते बघत होती, आणि घरी येऊन मला पाणी देत होती. आणि मी समजत होतो की, मी एकटाच आहे. मेहुण्यापेक्षा मला त्या क्षणी तिचाच जास्त राग आला.

गाडी आमच्या दाराशी थांबली. "शनिवारी चार वाजता येतो उचलायला," मेहुणा म्हणाला. "वाढदिवस आहे एक."

"मी येणार नाही. मी बँड सोडला."

हे वाक्य मी मनात इतक्यांदा म्हटलं होतं की, त्याच्यापुढचं सगळंही माझ्याकडे तयार होतं. तो विनवण्या करेल, पाया पडायची नाटकं करेल, मग मी काय काय सुनावायचं ते.

त्याने स्टीअरिंगवर बोटांनी ठेका धरला. तोही चुकीचा. "ठीक आहे, भाऊजी. तुम्हालाही आता आराम पाहिजेच. औषधवाल्याचा डावा हात मोकळाच असतो, तो कीबोर्डवर घेईल बेस. तसंही..."

"तसंही काय?"

"काही नाही. उगीच मनाला लावून घेऊ नका." आणि मी दार उघडल्यावर, "तो बेसचा अँप तेवढा राहू द्या डिकीत. डाव्या हाताला लागेल ना."

मी फुटपाथवर उभा राहिलो. अँप, म्हणजे बेसचा आवाज मोठा करणारा तो खोका, माझ्या मालकीचा होता. तेवढ्यात मागे डिकी उघडल्याचा आवाज आला. माझी बायको पर्स खांद्यावर अडकवून आत वाकली होती.

"ताई, तू कशाला? राहू दे म्हटलं ना मी!" तो खिडकीतून ओरडला.

तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "अहो, धरा ना त्या बाजूने," ती मला म्हणाली.

"जड आहे तो."

"माहितेय. घरात केर काढताना मीच सरकवते."

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. बेस माझ्या पाठीवर, अँप दोघांच्या मध्ये, एक कडी तिच्या हातात, एक माझ्या. पहिल्या मजल्यावर खालून हॉर्न ऐकू आला. दोनदा वाजला. ती थांबली नाही. दुसऱ्या मजल्यावर म्हणाली, "जरा टेकवा." टेकवला. तिला धाप लागली होती, नवी चप्पल टाचेला चावून रक्त आलं होतं. ती कठड्याला धरून उभी राहिली. माझा राग गेला नव्हता, तिलाही ते दिसत होतं. खाली गाडी सुरू होऊन गेली.

तिचा श्वास पुरता खाली बसेपर्यंत मी थांबलो. मग तिने वाकून कडी धरली, माझ्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघांनी एकदमच उचललं.