चैत्रात फुटंल

"अगं, किती डाव सांगायचं तुला? हे झाड फुटायचं न्हाई!"

नाथाजी ओसरीवरून ओरडले. बनुबाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि कळशीभर पाणी अंगणातल्या वाळलेल्या चिडाच्या झाडाच्या बुडाशी ओतलं. फाल्गुन लागला होता. विहीर तळाला गेली होती, गुरांना पाणी पुरत नव्हतं, आणि ही बाई लाकडाला पाणी घालत होती! नाथाजींच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

कोरेगावच्या आसपास असलं दुसरं झाड नव्हतं. चार वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता एक सिद्धू पलटणीतून रजेवर आला, तेव्हा उत्तरेकडच्या डोंगरातून दुधाच्या डब्यात हे रोप घेऊन आला होता. "आये, सुईवाणी पानं बघ. बारा म्हैनं हिरवं ऱ्हातंय," असं सांगून, अंगणात लावून तो गेला, तो पुढे बोटीने इटलीच्या लढाईवर. लढाई संपली. गावची बाकीची पोरं परत आली. सिद्धू बेपत्ता आहे, एवढंच सरकारने कळवलं. तेव्हापासून बनुबाईंनी एकच धरून ठेवलं होतं, झाड आहे तोवर पोरगं आहे.

आणि दिवाळीनंतर झाड पिवळं पडत गेलं. मुळाला वाळवी लागली होती.

"आवं, त्यो परड्यातला पांगारा बघा की," बनुबाई म्हणाल्या. "पान न्हाई एक अंगावर. म्हनून काय मेला म्हनायचा? कसा लालभडक फुललाय. चैत्रात ह्ये बी फुटंल."

"पांगारा येगळा, चीड येगळं! पांगारा दरसाल पानं टाकतो आन् दरसाल नवी घेतो. त्याच्या फांदीला नख लाव, आत हिरवं दिसंल. ह्ये झाड तसं न्हाई. मी त्या डोंगरात पलटनीत व्हतो. बरफात बाकीची झाडं खराटा व्हत्यात, चीड हिरवंगार. त्याच्या सुया जुन्या गळत्यात, नव्या येत्यात, पर उघडं कवा पडत न्हाई. आन् समदंच पिवळं पडलं, तर..."

"तर काय?"

नाथाजींनी पायताणात पाय सरकवले. झाडाबद्दल ते दिवसभर भांडू शकत होते. पोराबद्दल त्यांच्या तोंडून अवाक्षर निघत नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी, असं पुटपुटत ते चावडीकडे निघून गेले आणि तिथे बसून बायकोच्या खुळेपणाची कथा जो भेटेल त्याला सांगत राहिले. हिवाळाभर त्यांचा हाच उद्योग होता.

होळीच्या दिवशी दुपारीच शेजारचा गुंडा चार तरण्या गड्यांना घेऊन अंगणात आला. खांद्यावर कुऱ्हाड होती. गावचा रिवाजच होता, उभं वाळलेलं झाड होळीचं. त्याला नाही म्हणायचं नसतं.

"तात्या, न्यायचं न्हवं का? लय राळ आसती म्हनं ह्यात, झकास पेटंल. तुमीच तर चावडीत सांगताय, मेलंय म्हनून."

नाथाजींनी मागे पाहिलं. बनुबाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन दारात उभ्या होत्या. एरवी भांडायला एका पायावर तयार असणारी ही बाई आज नुसती नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती. व्हय म्हटलं की रोजची कटकट संपणार होती. पण नाथाजी पुढे होऊन झाडाच्या आड उभे राहिले.

"कुनी सांगितलं मेलंय?" ते गुंडावर खेकसले. "पानगळीचं झाड हाय ते. चैत्रात फुटंल."

"आवं, पर तुमीच..."

"चुकलं माजं! म्हातारा झालोय मी. परड्यात बाभळीचा वंडका पडलाय, त्यो न्या. ह्येला हात लावायचा न्हाई."

गडी ओंडका उचलून हसत निघून गेले. उद्या चावडीत आपलं हसं होणार, हे नाथाजींना ठाऊक होतं. त्यांनी बायकोच्या कमरेवरची कळशी काढून घेतली आणि विहिरीची वाट धरली.

भरून आणलेली कळशी त्यांनी स्वतः हळूहळू चिडाच्या बुडाशी रिकामी केली. सकाळच्याच पाण्याने तिथली माती चिंब होती. पाणी मुरलं नाही. गळलेल्या पिवळ्या सुया त्याच्यावर तरंगत राहिल्या.