मोशीच्या नवरीला काष्टा चालत नाही

आमच्या मोशीत पहिलं ब्युटी पार्लर निघालं तेव्हा गावात ऊस होता आणि नदीत पाणी होतं. आता उसाच्या जागी लिफ्टवाल्या इमारती आहेत, आणि पाण्याबद्दल न बोललेलं बरं.

पार्लर म्हणजे बेगमच्या घराची पुढची खोली. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा नवरा फारूक स्कूटरी दुरुस्त करायचा. एका दारात गाड्या ओरडायच्या, दुसऱ्या दारात बायका. बेगम साखर, लिंबू आणि पाणी आटवून वॅक्स करायची. ते इतकं चिकट की एकदा पातेल्याच्या काठावर माशी बसली, तिला सुटता येईना, शेवटी ती पातेल्यासकट उडाली. फारूक सायकलवरून थेट डुडुळगावापर्यंत मागे गेला तेव्हा पातेलं परत मिळालं. खोटं वाटत असेल तर पातेलं अजून बेगमच्या सुनेच्या, सादिकाच्या, स्वयंपाकघरात आहे, जाऊन बघा.

माझं तिथलं काम बोलायचं. बेगम पट्टी लावायची, मी गोष्ट सुरू करायची, आणि गिऱ्हाईक बाईनं "अगं बाई, मग?" म्हटलं की बेगम सर्रकन ओढायची. खऱ्या गोष्टी फार संथ चालतात हो, पट्टीच्या वेगाला पुरत नाहीत. म्हणून मला जरा पुढेमागे करावं लागायचं. तीच सवय राहिली.

त्या काळी हात, पाय, फार तर काखा. त्याच्या पलीकडचं कुणी तोंडातून काढत नसे. पहिल्यांदा एक लग्न ठरलेली नर्स आली आणि नुसत्या भुवया खाली-वर करून विचारलं, "तिथलं करता का?" बेगमनं कडी लावली आणि खिडकीतून फारूकला सांगितलं, "एक गाडी रेस करत ठेवा." त्यानं का म्हणून विचारलं नाही, उभ्या आयुष्यात विचारलं नाही. खोलीची कडी वाजली की बिचारा ॲक्सिलरेटर पिळायचा. तरी त्या दिवशीची आरोळी आळंदीला ऐकू गेली आणि घाटावर मृदंग शिकणाऱ्या पोरांची लय चुकली.

पण बेगमचा हात हलका. ती आधी केस कात्रीनं तांदळाएवढे ठेवायची, वॅक्स पहिलं स्वतःच्या मनगटावर लावून बघायची, कातडी ताणून धरायची, आणि एका जागेवर दुसऱ्यांदा पट्टी म्हणून लावायची नाही. राहिले चार केस तर चिमटा होता. मग माठाच्या पाण्यात पिळलेलं मऊ फडकं नुसतं ठेवायचं, चोळायचं नाही. कुंडीतली कोरफड कापून उभी करायची, पिवळा चीक पूर्ण निथळू द्यायचा, आतला पांढरा गर आधी बाईच्या दंडावर लावून बघायचा, मगच तिकडे. आणि दाराशी पोचवताना कानात सांगायची, "दोन दिवस ढगळं सुती घाल. कढत पाणी नाही, साबण नाही, पावडर नाही, अत्तर नाही, आणि नवरा नाही. आग विझेपर्यंत घरात पाहुणा घ्यायचा नाही, समजलं?"

बेगम गेली. फारूकही गेला. आता तिची सून सादिका पार्लर चालवते. काचेचं दार आहे, एसी आहे, वॅक्स डब्यातून येतं. दाराजवळची एक खुर्ची माझी. गिऱ्हाइकांना वाटतं मी नंबर लावून बसलेय, म्हणून माझ्या मागे बसतात.

गेल्या लग्नसराईत एका दुपारी ते काचेचं दार उघडलं आणि आमच्या शेजारच्या निरंजनची पोर वर्षाली आत आली. संध्याकाळी तिची हळद, दुसऱ्या दिवशी लग्न. पण चाल अशी, की दोन पायांच्या मध्ये जणू न दिसणारी कळशी धरलीय.

"सादिकादीदी," ती म्हणाली, आणि रडायलाच लागली.

सादिकानं तिला पडद्याआड घेतलं. मी बाहेरून कान लावला. वयानं कान गेलेत, पण पडद्यापुरते आहेत.

"या अल्ला! वर्षाली, हे काय करून घेतलंस? काल इथून गेलीस तेव्हा थोडं लाल होतं बस."

"काल शेवटचा दिवस होता गं कंपनीत. इथून तशीच कॅबमध्ये बसले."

"काय घालून?"

पडद्याआड नाक ओढल्याचा आवाज आला.

"जीन्स," वर्षाली म्हणाली.

"आणि हिंजवडीचा ट्रॅफिक."

"जाताना पण, येताना पण. घरी आल्यावर आग आग व्हायला लागली, म्हणून गरम पाण्यानं आंघोळ केली, घासणीनं घासलं. मग दादाची पावडर होती, ती थंड थंडवाली..."

"मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंस. मी हो म्हटलं होतं."

सादिकानं कपाळावर हात मारल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. मग तिनं बारकाईनं पाहिलं असावं. "पू नाही. ताप आहे अंगात? नाही ना? मग उतरेल हे. पण फोड फोडायचे नाहीत, हात लावायचा नाही. पू दिसला, लाली पसरली किंवा ताप आला तर सरळ डॉक्टर, लग्नबिग्न बघायचं नाही." नळ सुटला, फडकं पिळलं गेलं, आणि वर्षालीनं असा श्वास सोडला की पडदा हलला.

"उतरेल ते कधी?" तिनं विचारलं.

"उद्या बरं वाटेल, परवा आणखी. फक्त तिथं काही घासलं नाही पाहिजे."

त्यावर ती पुन्हा रडायला लागली. होणाऱ्या सासूनं, सुमनताईंनी, हळदीसाठी पिवळी नऊवारी घेतली होती. नऊवारी म्हणजे काष्टा, आणि काष्टा कुठून जातो ते बायकांना सांगायला नको. शिवाय आमच्या मोशीच्या बायका हळद लावताना गालावर थांबत नाहीत. एकदा वाटी हातात आली की नवरी म्हणजे सारवायची भिंत. आणि वरून ते कढत पाण्याचं नहाण!

"सांग की सुमनताईंना," मी पडद्यातून डोकं घातलं.

"आजी! काय सांगू? त्या चाकणला कंपनीत क्वालिटीला आहेत. एका पार्टवर ओरखडा दिसला तरी सगळा माल परत पाठवतात. आणि मंडपात सगळ्यांच्या समोर मी काय, वॅक्सिंगचं बोलू? तेही तिथलं?"

"मग न्हाई सांगायचं," मी म्हटलं. "त्यांना मी सांगते. दुसरंच."

"मावशी," सादिका घाईनं म्हणाली, "प्लीज. जरा बेतानं."

संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मंडप भरला होता. हळद वाटून तयार, पाट मांडलेला, नहाणाच्या पाण्याला वाफा. वर्षाली साध्या पिवळ्या सुती साडीत, ढगळ परकर घालून, हळूहळू आली. सुमनताई उभ्याच होत्या. उंच, चष्मा, केस घट्ट बांधलेले.

"नऊवारी कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी पुढे झाले. "विहीणबाई, तुम्हाला कुणी बोललं न्हाई व्हय? मोशीच्या नवरीला हळदीत काष्टा चालत नाही. नदीला शब्द दिलेला हाय."

मंडप गप्प झाला. एवढी शांतता मिळाली की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी सांगितलं, की फार पूर्वी इथली एक नवरी काष्टा घालून, नखशिखांत हळद लावून इंद्रायणीत उतरली. नदीला एवढी हळद झेपेना. वर्षभर सगळे मासे पिवळे निघाले, कालवणात वेगळी हळद घालायला लागेना, आणि कोळ्यांच्या बायकांनी संप केला. तेव्हा गावानं नदीला शब्द दिला: मोशीच्या पोरीला हळद कोपरापर्यंत, घोट्यापर्यंत आणि तोंडाला. मधे नाही. पाणी गार. आणि बसायला पाट नाही, खुर्ची.

"मी चाकणची," सुमनताई म्हणाल्या. "माझी सख्खी मावशी मोशीत दिली होती. तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही."

"त्या सून. हे लेकींना असतं."

"तिच्या तीन लेकींच्या हळदीला मी होते. तिघी काष्ट्यात."

एवढ्यात मागून एका म्हातारीनं मान डोलावली, "आमच्या येळंला बी असंच व्हतं गं." देव तिचं भलं करो. ती औंधची, मोशीशी तिचा काही संबंध नाही.

पण सुमनताईंचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच. त्या वर्षालीकडे बघत होत्या. तिनं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकला. मग पुन्हा पहिल्यावर. सुमनताईंनी चष्मा पुसला, तिचा दंड धरला आणि म्हणाल्या, "चल जरा. तुम्हीही या, आजीबाई."

मीटरच्या खोलीत आम्ही तिघी. सगळे मीटर टिकटिक करत होते, आणि आमचं काळीजही.

"कधी केलंस?" सुमनताईंनी विचारलं.

"काय... काय कधी?"

"वर्षाली, पंचवीस वर्षं मी हलत्या बेल्टवरचा माल तपासते. वाकडं चालणारं मला लांबून कळतं. कधी?"

"काल," वर्षाली म्हणाली. तिचं तोंड हळदीआधीच पिवळं पडलं होतं.

"काल! अगं, चार-पाच दिवस आधी करायचं असतं. पोरगी आयटीत आणि एवढं प्लॅनिंग नाही?"

वर्षालीनं डोळे वर केले. "तुम्हाला... माहितीये हे?"

"का? सासवांना केस येत नाहीत होय?" सुमनताई म्हणाल्या. "मी धाकट्या दिराच्या लग्नाच्या आदल्या दिवशी केलं होतं. आणि मग ह्यांच्या मागे मोटारसायकलवर बसून चाकण ते आळंदी. तेव्हा रस्ता म्हणजे सगळा खड्डाच होता. अख्खं लग्न मी उभ्यानं काढलं, जेवलेही उभ्यानं, आणि ह्यांच्या आत्यानं गावभर केलं की नवी सून फार कामसू, टेकतच नाही." त्यांनी आवाज खाली आणला. "थंड काही लावलंस?"

"सादिकादीदीनं फडकं ठेवलं. आणि कोरफडीचं जेल, वास नसलेलं."

"शहाणी आहे ती. चल, बाहेर चल. आणि आजीबाई, तुम्ही आता गप्प. पिवळे मासे म्हणे!"

बाहेर येऊन त्यांनी असा आवाज लावला की तो कारखान्याच्या सगळ्या शॉप फ्लोअरला पुरला असता. "चौकशी झाली. चाल खरी आहे. आमच्या मावशीकडे लपवून ठेवत होते, कारण तिच्या नणंदेनं ती मोडली आणि तिच्या अंगणातला हौद सात वर्षं गळत राहिला. कुणी हात लावायचा नाही. हळद मी लावणार, एकटी. सासूनंच लावायची, हाही त्यातलाच भाग आहे."

हौद! मला सुचला नव्हता. माशांवर कुणी विश्वास ठेवो न ठेवो, गळणाऱ्या हौदापुढे सोसायटीतली एकही बाई हलली नाही. पाण्याचे टँकर सगळ्यांनाच माहीत.

खुर्ची आली. सुमनताईंनी हळदीचं बोट कपाळाला, गालांना, मनगटांना, घोट्यांना लावलं. कुणी उत्साही मामी वाटी घेऊन पुढे सरकली की त्या न बघता तिच्या मनगटावर फटका द्यायच्या. "रिजेक्ट," म्हणायच्या. मामी माघारी. वर्षाली आधी ओठ दाबून बसली होती, मग तिचे खांदे हलायला लागले, आणि मग ती एवढी हसली की हळद नाकात गेली.

"हसू नको," सुमनताई पुटपुटल्या, "घाम येईल."

मी एका बाजूला खुर्चीत बसून बघत होते. आमच्या वेळच्या किती नवऱ्या बेगमनं अशा दारापर्यंत पोचवल्या. घरी गेल्यावर त्या काष्ट्यात बसल्या, पाटावर बसल्या, फोटोत हसल्या, आणि आत काय जळतंय ते घरातल्या एकीलाही कळलं नाही. बेगम पार्लरच्या उंबऱ्यात उभी राहून त्यांच्या पाठीकडे बघत राहायची, वळणापर्यंत. मला म्हणायची, "कस्तुरा, फडकं आपण ठेवलं, पण तिथं फुंकर कोण मारणार?" मी तेव्हा काहीतरी फालतू विनोद केला असणार.

गार पाण्याचा तांब्या सुमनताईंनी स्वतः वर्षालीच्या हातांवर ओतला. पदरानं टिपलं, पुसलं नाही. मग वाकून तिला म्हणाल्या, आणि ते मी ऐकलं, "उद्या पण ढगळंच नेस. ती नऊवारी वाया नको जायला, मी नेसते. आणि पुढच्या वेळेस मला सांग, दोघी मिळून जाऊ. पाच दिवस आधी."

"आई!" वर्षाली किंचाळलीच.

"हळू," सुमनताई म्हणाल्या. "मासे घाबरतील."