काखेत कळसा

मिस्त्रींनी कोपरानं दार ढकललं, कारण हात मोकळे नव्हते. काखेत पिवळ्या फडक्यातलं गाठोडं होतं, आणि ते निसटू नये म्हणून दुसरा हात खालून. चार मजले चढून त्यांच्या छातीचा नुसता भाता झाला होता. आत टाळ्या चालल्या होत्या.

"एक लहर विस्कटलेली नाही!" विभागप्रमुख पडद्याकडे बोट नाचवत होते. पडद्यावर लाल-निळे पट्टे वहीतल्या ओळींसारखे सरळ पडले होते. "तांब्याचं अख्खं नळकांडं वाटेत उभं, आणि लहरींना पत्ता नाही!"

नळकांडं मिस्त्रींच्या काखेत होतं.

ते त्यांनीच लेथवर घडवलं होतं, माशीचा पाय घसरावा इतकं गुळगुळीत. इथे पीएच.डी. करणाऱ्या बाईंनी त्याभोवती नक्षीदार पट्ट्यांची दहा कडी बसवली आणि समजावलं, "कापडात सुई घातली की धागे तुटत नाहीत काका, बाजूला सरतात. तशी मी गणितात जागाच बाजूला सारते. लहरी वळसा घालून जातात आणि पलीकडे पुन्हा सरळ. आत काही आहे हे त्यांना कळतच नाही."

"म्हणजे मला दिसणार नाही?"

"तुम्हाला दिसणार. फक्त एका ठरावीक लहरीला नाही दिसणार."

एवढं देखणं काम करायचं ते लपवायला! मिस्त्रींना ते मनातून कधीच पटलं नाही. पण बाई पोरीसारख्या. सात वर्षं या कड्यांपायी त्या ना धड जेवल्या, ना कुणाच्या लग्नात धड नाचल्या. आज परीक्षकांना पटलं तर पदवी, नाहीतर सात वर्षं पाण्यात.

काल संध्याकाळी मिस्त्री सहज डोकावले, तर नळकांड्यावर केसाएवढा चरा. परीक्षक येणार, आणि आपल्या कामावर चरा? झाकणासारखी वर बसवलेली धातूची प्लेट उचलून त्यांनी ते कड्यांसकट वर्कशॉपात नेलं, प्लेट मात्र शहाण्यासारखी परत ठेवली. सकाळी ती कुणी उघडली नाही. हलली की मांडणी बिघडते. शिवाय पलीकडे काहीच नसल्यासारखं दिसलं, तर बाईंना शंका यावी कशी? तेच तर सिद्ध करायचं होतं.

मिस्त्रींनी खोलीकडे पाहिलं. बाईंचा चेहरा दिव्यासारखा उजळला होता. म्हातारे परीक्षक हनुवटीखाली मूठ धरून बसले होते, पेनाचं टोपणही न काढता. मिस्त्री एक पाऊल मागे सरले आणि गाठोडं हळूच पाठीमागे नेलं.

तेवढ्यात बाईंची नजर वळली.

"काका, मागे काय आहे?"

"कुठे काय? फडकं."

"लपवू नका. या खोलीत लपवायचं काम माझं आहे."

मिस्त्रींनी डोळ्यांनीच विनवलं: राहू द्या ना. बाईंनी त्या फडक्याकडे पाहिलं, प्लेटकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचा दिवा विझला. मग त्या सरळ टेबलाकडे गेल्या आणि दोन्ही हातांनी प्लेट उचलली.

विभागप्रमुख वाकले. त्यांचे डोळे विस्फारले.

"अहो, खरंच दिसत नाही!" आणि त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"सर," बाई म्हणाल्या, "ते तिथे नाहीच आहे."

टाळी अर्धी वाजून थांबली.

बाईंनी गाठोडं सोडलं. चऱ्याचा मागमूस नव्हता. "काखेत कळसा," त्या पुटपुटल्या, "आणि माझ्या लहरी उगाच सरळ." त्यांनी ते जागेवर बसवलं, प्लेट ठेवली, मोजणी पहिल्यापासून सुरू केली. तास गेला. कुणी चहासुद्धा मागितला नाही. पडद्यावर पट्टे एकेक उमटले. वळून पलीकडे गेले, जवळजवळ सरळ झाले. मधोमध मात्र अंगठ्याच्या डागासारखी पुसट सावली राहिली.

बाईंनी मान खाली घातली.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं.

"आता बोलता येईल," ते म्हणाले. "मघाचं चित्र इतकं चांगलं होतं, की मी प्लेट उचलायलाच सांगणार होतो." मग ते दीड तास प्रश्न विचारत राहिले, आणि बाईंनी प्रत्येक प्रश्नाला भिडून उत्तर दिलं. शेवटी त्यांनी सही केली आणि बाईंच्या हातात हात दिला.

खोली रिकामी झाली तरी मिस्त्री पडद्यासमोरच उभे होते.

"चुकलं माझं, बाई."

"चुकलंच, काका. पण चरा बाकी झकास गेलाय."

"या चित्राचा एक कागद मिळेल?"

"यात सावली आहे. मघाचं देऊ का?"

"हेच द्या."

बाईंनी प्रिंट काढली. मिस्त्रींनी ती हाताभर लांब धरून पाहिली, डागावरून अंगठा फिरवला, आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवली.

"पुढच्या वर्षी ही सावलीही घालवते, बघाच तुम्ही."

"सावकाश होऊ द्या, बाई," मिस्त्री खिशावर हात ठेवून म्हणाले. "घाई नाही काही."